ऐनवेळी मुक्काम: सातारा-सांगलीत कॅम्पर व्हॅन रात्री कुठे लावायची?

डिसेंबरातला शनिवार होता. मेढा मागे टाकून आम्ही महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो होतो आणि केळघरच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन थांबलो होतो. पावणेसहा वाजले होते, समोरचा डोंगर काळा पडत चालला होता. तळ्याकाठच्या ज्या कॅम्पवर आठ दिवस आधी पैसे भरले होते, तिथल्या माणसाने फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, तुमची गाडी खाली उतरायची नाही. वाट बारीक आहे, मोठी गाडी वळतच नाही. आणि तंबूही सगळे भरलेत." गाडीत मागे सासूबाई आणि दहा वर्षांची लेक. नवरा स्टिअरिंगवर, मी फोन हातात धरून बसलेली.

त्या रात्री आम्हाला जागा मिळाली, ती कशी ते पुढे सांगतेच. त्यानंतर तीन हिवाळे आणि एक पावसाळा आम्ही याच दोन जिल्ह्यांत गाडी घेऊन फिरलो आणि निम्म्याहून जास्त मुक्काम ऐनवेळी ठरवले. भाड्याने कॅम्पर व्हॅन घेऊन किंवा टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करून पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट. परदेशातल्या व्हिडिओत दिसतो तसा नंबर घातलेला ओटा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय असलेला तळ डोळ्यांसमोर ठेवून निघू नका. राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली आणलं खरं, पण मी ज्या रस्त्यांवर फिरले तिथे मला तशी पाटी भेटली नाही. आपल्याकडे 'कॅम्पिंग' म्हणजे तंबू, शेकोटी, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे, माणशी इतके रुपये. ते गाडीवाल्यांसाठी नसतं. आपल्याला लागतात चारच गोष्टी: सपाट कडक जमीन, संडास, पाणी, आणि "लावा की" म्हणायचा ज्याला हक्क आहे असा माणूस. पहिल्या तीन कमीजास्त चालतात. चौथी नसेल तर तिथे झोपू नका.

## १. निघण्याआधी गाडीची मापं कागदावर लिहा

उंची, लांबी, रुंदी आणि वळायला लागणारी जागा. आमची गाडी पावणेनऊ फूट उंच आणि वीस फूट लांब आहे. वर सोलर पॅनेल आणि एसीचं डबडं असेल तर त्याच्यासकट उंची मोजा. हा कागद ड्रायव्हरच्या समोर चिकटवा, कारण फोनवर जागा विचारताना आणि गावातल्या लोंबत्या वायरीखाली उभं राहून विचार करताना तो आकडा तोंडावर हवा. वस्तीतल्या वायरी उसाच्या ट्रॉल्यांनी आधीच ओढलेल्या असतात. जरा शंका आली तर एकाने खाली उतरून बघायचं, गाडीतून अंदाज नाही करायचा.

माझे त्या कॅम्पचे पैसे परत मिळाले नाहीत. पण मी बुकिंग करताना गाडीचं माप विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. हा एक प्रश्न विचारला असता तर त्या संध्याकाळी आम्ही रस्त्यावर आलो नसतो.

## २. दुपारी चार वाजता थांबा आणि ठरवा

आमच्या घरचा हा नियम आहे आणि तो मोडला की पस्तावलोच आहोत. चारला चहा, आणि चहा पिताना आजचा मुक्काम पक्का.

साताऱ्यात डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या पुढे. पण पश्चिमेच्या खोऱ्यांत डोंगर आडवा येतो, त्यामुळे उजेड त्याआधीच जातो. अनोळखी वाडीत, अंधारात, एवढी मोठी गाडी घेऊन शिरलं की लोक आधी बिचकतात. तीच गाडी साडेपाचला उजेडात आली की पोरं गोळा होतात, कुणीतरी आजी "आत बघू का?" म्हणून विचारते आणि निम्मं काम तिथेच होतं.

चार ते साडेपाच फोन करायचे, साडेसहाच्या आत गाडी लावून मोकळं व्हायचं. सात वाजले आणि जागा नाही, तर शोधणं बंद. सरळ महामार्गाला या आणि मोठ्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर रात्र काढा. "अजून एक वाट बघू" म्हणून घाटात शिरू नका.

## ३. तुम्ही कुठल्या पट्ट्यात आहात ते ओळखा

एकाच जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वरचा धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला माणचा दुष्काळी माळ. मुक्कामाची तऱ्हाही तशीच पट्ट्यागणिक बदलते.

महामार्गाचा पट्टा. खंबाटकी घाट, भुईंज, पाचवड, सातारा, उंब्रज, कराड, पेठ नाका. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी निवांत. ट्रकवाले जिथे रात्री थांबतात तो ढाबा शोधा. तिथे पाणी असतं, संडास असतो आणि रात्रभर माणूस जागा असतो. जेवण तिथेच घ्या. रस्त्याला लागून लावू नका, ढाब्याच्या मागच्या अंगाला विचारा. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर गाडी उभी करून झोपणं म्हणजे मागून येणाऱ्या कंटेनरच्या भरवशावर झोपणं.

वाई, पाचगणी, महाबळेश्वर. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना या काळात ऐनवेळी वर जाऊ नका. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि वर पोचल्यावर पार्किंगसाठी दुसरी. खाली वाईत किंवा मेणवलीच्या बाजूला थांबा, पहाटे सहाला घाट चढा. धोम धरणाच्या पाण्याच्या अंगाला शेतावर राहायची सोय देणारे लोक आहेत, त्यांच्याकडे सपाट आवार असतं. मेणवलीच्या घाटावर सकाळी आठच्या आत गेलात तर नाना फडणवीसांच्या वाड्यामागची नदी आणि ती मोठी घंटा निवांत बघायला मिळते. वर मुक्कामी राहिलो असतो तर आमची ती सकाळ हुकली असती.

कास, बामणोली, तापोळा. सगळ्यांना इथेच राहायचं असतं आणि ऐनवेळी सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशातल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. पठारावर मुक्काम नाही, गाडी गवतात उतरवणं तर नाहीच. फुलांच्या हंगामात, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आधी नोंदणी लागते आणि गाड्या ठरलेल्या ठिकाणीच लावाव्या लागतात. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं, तिथे भांडी घासायला बसू नका. राहायचं तर यवतेश्वरच्या घाटाच्या वर, साताऱ्याच्या अंगाला विचारा, तिथे आवारं मोठी आहेत. बामणोलीकडे उतरताना रस्ता बारीक होतो. तिथे दुपारी दोननंतर नवी जागा शोधायला जाऊ नका. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या फुगवट्याच्या, काठाला रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. वासोटा किल्ल्यावर किंवा त्याच्या पायथ्याच्या जंगलात रात्री राहायची परवानगी मिळत नाही. कुणी "मी सोय करतो" म्हणालं तरी जाऊ नका.

ठोसेघर, चाळकेवाडी, सज्जनगड. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. म्हणजे वारा किती असेल ते वेगळं सांगायला नको. उंच गाडी रात्रभर हलत राहते, लेकीला तिथे गाडी लागली होती, तीही उभ्या गाडीत. सज्जनगडाच्या पायऱ्यांखाली वाहनतळ आहे. भक्तनिवासात राहायचं तर दिवसा उजेडी वर जाऊन कार्यालयात विचारा, रात्री गडाचे दरवाजे बंद होतात.

पाटण, कोयनानगर, हेळवाक. पाटण गावात किंवा कोयनानगरला थांबा. पुढे कुंभार्ली घाट आणि बाजूला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असा चार जिल्ह्यांत पसरलेला हा प्रकल्प २०१० साली जाहीर झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान दोन्ही त्यात येतात. कागदावरची हद्द रस्त्यावर दिसत नाही, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच पुढे जा.

खटाव, माण, औंध. माझा सगळ्यात आवडता पट्टा, आणि इकडे कॅम्पर घेऊन जवळजवळ कुणी येत नाही. जमीन कडक, आभाळ मोकळं, रस्ते सरळ. औंधला यमाईचा डोंगर आणि भवानी संग्रहालय आहे. गावात दोन ठिकाणी विचारलं तरी जागा मिळते. पाण्याची मात्र इथे किंमत आहे. माणसारख्या तालुक्यात कुणाकडे टाकी भरून पाणी मागू नका, साताऱ्यातून किंवा दहिवडीतून भरून निघा. हिवाळ्यात पहाटे थंडी अंगात शिरते, जास्तीची गोधडी घ्या.

सांगलीकडे. कृष्णाकाठचं औदुंबर, देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर, शिराळ्याकडून चांदोली, आणि पूर्वेला जतचा माळ. देवस्थानाच्या गावात वाहनतळ आणि संडास असतात, त्यामुळे औदुंबर ऐनवेळच्या मुक्कामाला चांगलं. पण पावसाळ्यात नदीकाठी गाडी लावायची नाही, ऊन पडलेलं असलं तरी नाही. पाऊस वर कोयनेच्या पाणलोटात पडतो आणि पाणी दुसऱ्या दिवशी खाली चढतं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये इकडे असाल तर चारच्या चहाबरोबर तो आकडाही बघा.

नोव्हेंबर ते मार्च कराड-सांगलीच्या रस्त्यांवर ऊसवाहतूक असते. दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, मागे दिवा नाही की चमकपट्टी नाही. अंधार पडल्यावर गाडी न चालवायला मला हे एकच कारण पुरतं.

## ४. फोनवर काय विचारायचं

नकाशात 'कॅम्पिंग', 'कृषी पर्यटन', 'फार्म स्टे' असं शोधून जवळच्या सहा-सात ठिकाणांना फोन करा. फोटोंवर जाऊ नका, ते पावसाळ्यातले असतात आणि रस्त्याचा फोटो कुणी टाकत नाही. मी असं बोलते:

"नमस्कार दादा, आमची राहायची गाडी आहे, आम्ही गाडीतच झोपणार. आम्हाला खोली किंवा तंबू नको. एक रात्र आवारात गाडी लावायची आणि संडास-बाथरूम वापरायचं, याचे काय घ्याल?"

हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट केलं नाही तर समोरचा माणशी पॅकेज सांगत बसतो. मग हे विचारा:

- डांबरी रस्ता सोडल्यापासून आत किती अंतर, आणि तिथे ट्रक किंवा ट्रॅव्हलर येते का?
- फाटकाची उंची-रुंदी किती? वर कमान आहे का?
- जमीन मुरमाची की काळी माती? (काळ्या मातीत एक सर आली तरी गाडी रुतते.)
- बायकांसाठी संडास आहे का, आणि रात्री तिथे दिवा असतो का?
- आज कुणाचा कार्यक्रम, वाढदिवस, साउंड सिस्टीम आहे का?

"या की, होऊन जाईल" हे उत्तर नाही. आपल्याकडची माणसं नाही म्हणायला संकोचतात. ट्रक आत येतो का याला स्पष्ट "होय, परवाच वाळूचा डंपर आला होता" असं काही ऐकू आलं तरच धरा.

पैशाचा सापळाही सांगून ठेवते. अनोळखी ठिकाणी पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. दोनशे-पाचशे टोकन ठीक. त्याआधी त्यांच्याकडून लाइव्ह लोकेशन आणि या क्षणी काढलेला आवाराचा व्हिडिओ मागवा. खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो. जो "आधी सगळे पैसे टाका, मग लोकेशन देतो" म्हणतो, त्याचा फोन ठेवून द्या.

## ५. फोनने काम झालं नाही तर कुठली दारं वाजवायची

मी या क्रमाने जाते.

पहिलं, मंगल कार्यालय. हे आम्हाला फार उशिरा सुचलं. गावाबाहेर, रस्त्याला लागून, मोठं सपाट पटांगण, वऱ्हाडाच्या बसगाड्या वळतील एवढं फाटक, बायका-पुरुषांचे वेगळे संडास, पाण्याच्या टाक्या आणि राखणदार. कॅम्पर व्हॅनला याहून वेगळं काय लागतं? लग्नाची तिथी नसेल तर आवार रिकामंच पडलेलं असतं. चातुर्मासात तर बहुतेक रिकामंच. कालनिर्णयात मुहूर्त बघा. दुसऱ्या दिवशी लग्न असेल तर मात्र नको, पहाटे चारला आचारी आणि मांडववाले येतात.

दुसरं, कृषी पर्यटन केंद्र. राज्याचं यासाठीचं धोरण २०२० पासून आहे. शेतकऱ्यालाही पाहुणे हवे असतात, जेवण त्याच्याकडे घेतलंत तर गाडी लावायचे पैसे बऱ्याचदा घेतच नाही.

तिसरं, देवस्थानाचं भक्तनिवास किंवा वाहनतळ. यात्रेच्या दिवशी मात्र त्या वाटेलाच जाऊ नका. पौषात मांढरदेवीची काळूबाई आणि पालीचा खंडोबा, आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते तेव्हा तो सगळा रस्ता. त्या दिवसांत गाडी लावायला तर सोडाच, वळवायलाही जागा मिळत नाही.

चौथं, पेट्रोल पंप. आधी डिझेल भरा, मग मॅनेजरला विचारा. रात्रभर चालू असणारा, कॅमेरे असलेला पंप निवडा. गाडी टाक्यांपासून लांब, कडेला. आणि पंपाच्या आवारात शेगडी पेटवायची नाही, चहासुद्धा नाही.

शाळेचं पटांगण दिसायला छान असतं, पण मुख्याध्यापक किंवा सरपंचांच्या होकाराशिवाय तिथे जाऊ नका. सकाळी पोरं यायच्या आत निघावं लागतं.

## ६. कुणाच्या अंगणात जागा मागताना

त्या केळघरच्या रात्री फोन संपले होते. रस्त्यापासून पन्नास पावलांवर एक घर होतं. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, त्याच्या कडेला मुरमाचा खळ्यासारखा तुकडा, एका अंगाला कडब्याची गंजी. नवरा जायला निघाला तर सासूबाई म्हणाल्या, "तू थांब. मी जाते." त्या आणि मी गेलो. ओट्यावर एक आज्जी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आक्का, साताऱ्याकडनं आलोय. पोरगी हाय संगं, रात झाली. रातच्यापुरती गाडी लावू का हितं? आमी गाडीतच निजतो."

आज्जींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "कुटलं म्हणायचं पाव्हणं?"

सासूबाईंनी गाव सांगितलं, माहेर सांगितलं. माहेरच्या शेजारच्या गावात आज्जींची भाची दिली होती. तिथून पुढे पाच मिनिटं गाडीचा विषयच निघाला नाही. मग आज्जींचा मुलगा आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "लावा की. पर कडब्यापासनं लांब लावा, आन इस्तू पेटवू नका. आन सकाळी साडेपाचला दुधाची गाडी येती, तेवढी वाट मोकळी ठेवा."

त्या दोन अटींमध्ये सगळं आलं. विस्तव आणि वाट. तेव्हापासून मी कुठेही विचारायला गेले की या दोन गोष्टी आपणहून आधी सांगते. समोरच्याचा चेहरा लगेच सैल पडतो.

आणखी काही गोष्टी अनुभवाने शिकले. घरात बाईमाणूस दिसत असेल तर तुमच्यातल्या बाईने विचारायला जावं. चपला अंगणाबाहेर काढाव्यात. "किती घ्याल?" असं आल्या आल्या विचारू नये, घराला ते लागतं. सकाळी निघताना पोराच्या हातात खाऊ द्या, किंवा त्यांच्याकडचं दूध, अंडी, शेंगा, गूळ जे असेल ते भाव न करता विकत घ्या. आधारकार्ड आपणहून दाखवा. गावाला पोलीस पाटील असतो. "पोलीस पाटलांना कळवायचं का?" असं तुम्हीच विचारलंत तर घरमालकाला धीर येतो, आणि रात्री कुणी चौकशीला आलं तर त्याला उत्तर देता येतं. आम्ही गाडीत दारू ठेवत नाही. तुम्ही ठेवत असाल तर कुणाच्या अंगणात ती बाहेर काढू नका.

## ७. इथे थांबायचं नाही, कितीही मोह झाला तरी

- नदीचं पात्र, धबधब्याचा पायथा, धरणाच्या खालचा भाग. भोंगा वाजून पाणी सोडतात तेव्हा झोपलेल्या माणसाला गाडी चालू करून वळवायला वेळ मिळत नाही.
- उसाच्या फडातली वाट. तोडीच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर येतात. कराड, पाटण, शिराळा या भागांत उसात बिबट्या असतो, तिथली माणसं अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर पाठवत नाहीत. आपणही पाठवायचं नाही. रात्री बाहेर जायचं तर दोघांनी, बॅटरी घेऊन, बोलत.
- आग्या मोहोळ असलेलं झाड किंवा कडा. खाली धूर केला की माश्या उठतात. गाडी लावण्याआधी मान वर करून बघा.
- घाटातलं रुंद वळण. 'व्ह्यू चांगला आहे' म्हणून लोक थांबतात. पावसाळ्यात तिथेच दरड येते, आणि एरवी रात्री टोळकी.
- वाळलेल्या गवताचा माळ, फेब्रुवारीपासून पुढे. वणवा वाऱ्याबरोबर किती वेगाने येतो ते एकदा लांबून पाहिलं आहे, जवळून बघायची वेळ येऊ नये.

## ८. गाडी लावल्यावर पहिली दहा मिनिटं

तोंड रस्त्याकडे करून लावा, म्हणजे रात्री निघावं लागलं तर मागे घेण्याची भानगड नाही. चाकांना दगड लावा. डोकं थोडं उंच येईल अशी गाडी ठेवा, पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवली की उतार कळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपू नका. बंद गाडीत शेगडी पेटवू नका, कोळशाची तर नाहीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दोन्ही अंगाची खिडकी बोटभर उघडी ठेवा, जाळी लावा. सिलेंडर झोपायच्या आधी रेग्युलेटरपाशी बंद करा, शेगडीच्या बटणावर थांबू नका.

भांड्यांचं पाणी डब्यात धरा. यजमान म्हणतील, "टाका की झाडाला," तरी साबणाचं पाणी आधी विचारून टाका. गाडीतल्या संडासाची टाकी कुणाच्याही शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ रिकामी करायची नाही. ती फक्त चालू संडासात, परवानगी घेऊन, आणि नंतर दोन बादल्या पाणी ओतून.

घरी कुणाला तरी लोकेशन आणि यजमानांचा नंबर पाठवा. हे काम मी रोज करते, एकदाही चुकवलेलं नाही.

## जवळ काय काय हवं

कागद: आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स, सगळ्यांची आधारकार्डं, भाड्याची गाडी असेल तर भाडेकराराची प्रत. गाडीत बदल करून घर केलं असेल तर त्या बदलाची आरटीओकडे नोंद झालेली हवी. नसेल तर अपघातानंतर विम्याला अडचण येते. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. सोबत परदेशी पाहुणा असेल तर आधीच ठरवून हॉटेलात राहा, कारण परदेशी माणसाला ठेवून घेणाऱ्याला पोलिसांकडे ऑनलाइन माहिती भरावी लागते आणि वस्तीवरच्या घराला तो त्रास नको.

सामान: चाकाला लावायला लाकडी ठोकळे, फावडं, दोन गोणपाटं (रुतलं तर चाकाखाली), टो करायचा पट्टा, हेडलँप, वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन, पन्नास फुटी पाइप, लांब वायरीचा बोर्ड, छोटा अग्निशामक, ओडोमास, काठी, सुटे पैसे. सुटे पैसे विसरू नका, वस्तीवर रेंज नसेल तर ऑनलाइन पैसे जात नाहीत.

नंबर: कुठल्याही अडचणीला ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, वन्यप्राणी किंवा वणव्यासाठी वनखात्याचा १९२६. रेंज असतानाच हे फोनमध्ये घालून ठेवा आणि एका कागदावरही लिहा.

## ९. सकाळी

घरातली माणसं पाचला उठतात. तुम्हीही उठा. आम्ही त्या दिवशी सव्वापाचलाच गाडी दोन हात पुढे घेतली, दुधाची गाडी आली, कॅन चढले, गेली. अंगणात आमच्या चाकांनी सारवण जिथे उखडलं होतं तिथे सासूबाईंनी आज्जींकडून शेणाची पाटी मागून घेतली आणि दोघींनी मिळून तेवढा तुकडा सारवून काढला. लेक धारेच्या वेळी गोठ्यात उभी होती. निघताना आज्जींनी शेंगांची पिशवी गाडीत ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "घाटात सावकाश जावा. वरनं येष्टी येती सातला."

आम्ही एसटी खाली उतरेपर्यंत थांबलो आणि मग घाटाला लागलो.